मेढीचा सांधा

मी सांधा बोलतोय. फरशी नव्हे, दोन फरश्यांच्या मधला सांधा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक बघतात माझ्याकडे आणि नावाजतात फरशीला. "काय सुरेख शहाबादी आहे हो तुमच्या अंगणात," असं म्हणणारे शेकडो भेटले. "काय सुरेख सांधे आहेत हो," असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय. दोन फरश्यांच्या मध्ये जे काहीच नसतं, ते मी. आणि या काहीच नसण्याच्या जिवावर पनवेलजवळच्या एका गावात गुणाबाईंचं अंगण अठ्ठावीस वर्षं जागच्या जागी राहिलं.

आज मी रागात आहे. सांध्याला राग यायला वेळ लागतो, पण एकदा आला की तो मुरतो. ऐकून घ्या, आणि मग सांगा माझं चुकतंय का.

माझा जन्म मिठागरवाल्याच्या हातून झाला. गुणाबाईंचे यजमान कमळाकर. मिठागर बंद पडलं तरी त्यांचे पाय वाफ्याच्या बांधावरूनच चालायचे, म्हणजे अगदी जपून. मोठी लेक वेणू हिचं लग्न ठरलं आणि त्यांनी अंगणाला फरशी घालायला घेतली. गवंडी म्हणाला, "काका, फरशीला फरशी भिडवतो, वरून सिमेंट ओढतो. एकदम सपाट."

"सपाट नको," कमळाकर म्हणाले. "मधी जरा खोल ठेव. आनि सांधा ठेव बोटभर. पान्याला वाट नाय दिली तं पानी आपली वाट घरातून काढते."

सगळं अंगण त्यांनी मिठाच्या वाफ्यासारखं घडवलं. चारी बाजूंचं पाणी अलगद मध्यावर यायचं आणि सांध्यासांध्यांतून खाली जिरायचं. अगदी मध्यावर, चार फरश्यांचे कोपरे जिथे समोरासमोर येतात, तिथे मात्र त्यांनी बोटभर नाही, चांगली चार बोटं जागा सोडली. गवंडी हसला. "काका, इथे काय विहीर काढताय?"

"पोरीचं लगीन हाय. मेढ काय फरशीवर चिकटवाची?"

ती चार बोटं जागा म्हणजे मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लग्नघरी हळदीच्या आधी अंगणात उंबराची एक फांदी रोवतात. तिला वर आंब्याचा टाळा आणि पिवळ्या फडक्यात बांधलेलं हळकुंड. खाली, मुळाशी, एक सुपारी. ती मुहूर्तमेढ. ती मातीत उभी राहिली की मांडव घरचा झाला. नाहीतर तो नुसता मंडपवाल्याचा. मेढ रोवताना धवलारीण, म्हणजे लग्नाची धवला गाणी म्हणणारी बाई, गाते. या गावात धवलारीण म्हणजे हौसा. तिचं गाणं भूमीला उद्देशून असतं, की बाई, जरा सरून बस, आमच्या लेकीला जागा दे. आता भूमी सरून बसायची तर ती सरणार कुठून? माझ्यातूनच की.

वेणूची मेढ माझ्यात रोवली. लग्न उरकल्यावर पंधरा दिवसांनी काढायला गेले, तर तिला पालवी फुटलेली. कमळाकरांनी ती मुळासकट हलकेच उचलली आणि नाक्यावर नेऊन लावली. आज तिथे जो उंबर आहे, ज्याच्या सावलीत सहा रिक्षा आणि एक शहाळीवाला मावतो, तो माझ्या पोटचा. खोटं सांगत असेन तर माझ्यात सिमेंट भरा.

थांबा. ते नंतर येतंच आहे.

वेणूनंतर पुतणी सुमतीची मेढ झाली आणि मग मुलाची, परेशची. परेशची बायको हेतल पनवेल शहरातली. ती या घरात आली त्याच्या चौथ्या दिवशी तिच्या नाकातली चमकी अंगणात पडली. नवी नवरी, घर माणसांनी भरलेलं, चमकी सासरची. हेतल खांबाला टेकून उभी राहिली, एका हातानं नाक झाकून. रडत नव्हती, पण डोळे पार भरलेले. गुणाबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, आतून मोरळीचं जुनं पातं आणलं, तेच मासळी कापायच्या विळीचं मोडकं पातं, आणि अंगणात फतकल मारून बसल्या.

"काय करतेस गं?" त्यांच्या नणंदेनं विचारलं.

"गवत काढतंय," गुणाबाई म्हणाल्या.

भर दुपारी त्यांनी एकेक सांधा उकरला. मोजून शंभर सांधे, त्यात एक काडी गवत नव्हतं. चमकी माझ्याजवळ होती. त्यांनी ती चिमटीत उचलली, पदराला पुसली आणि आत जाताना हेतलच्या मुठीत ठेवली. एक शब्द नाही. ही गोष्ट त्या दोघी सोडून फक्त मला माहीत आहे.

माझी डागडुजी कशी व्हायची तेही सांगतो, कारण तिथेच सगळी गोम आहे. दर वर्षी शिमगा झाला की कमळाकर आणि गुणाबाई दोन पाटांवर समोरासमोर बसायचे. पात्यानं दोन बोटं खोल खरवडायचे. गवताची मुळं, मुंग्यांची वस्ती (एका वर्षी ती इतकी वाढली होती की निवडणूकच लागली असती), परेशनं लपवलेली विडीची थोटकं, सगळं बाहेर. मग कोरडी जाडी रेती टाकून केरसुणीनं तिरकी लोटायची. सरळ नाही, तिरकी, म्हणजे ती आत बसते. वरून तांब्यानं बारीक धार. रेती खाली बसली की पुन्हा रेती. तीन दिवस, तीन वेळा. यात कोणी मला "भरलं" असं म्हणत नसे. गुणाबाई म्हणायच्या, "सांद्याला जेवाला घातला."

सहा वर्षांपूर्वी कमळाकर गेले. जायच्या आठवडाभर आधी त्यांची खाट अंगणात होती. नात रिया तेव्हा कॉलेजात. तिला आत पाठवून ते गुणाबाईंना म्हणाले, "रियाची मेढ हितंच. मी नसलो तरी माजी जागा हाय." गुणाबाईंनी मान हलवली. तेवढंच. त्या हलवलेल्या मानेचं ओझं त्या सहा वर्षं वागवत होत्या.

पुढची पाच वर्षं त्यांनी मला एकटीनं सांभाळलं. मग गुडघ्यांनी दावा मांडला. यंदाच्या शिमग्याला पाट काढला, बसायला गेल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्यात गवत माजलं. शेजारची बकरी मुक्कामाला येऊ लागली, मी कबूल करतो. पण गवताची तक्रार माझ्याकडे कशाला? जिचे गुडघे दुखतात तिच्या जागी एक दिवस कोणी बसलं असतं तर?

बसलं कोणी नाही. झालं ते असं. रियाचा साखरपुडा होता. हेतलच्या पायात उंच टाचेची सँडल. ती आरतीचं तबक घेऊन आली आणि तिची टाच नेमकी माझ्यात रुतली. तबक गेलं, घोटा मुरगळला, व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कुंकवाचा नकाशा उमटला. मी काय मुद्दाम तोंड उघडून बसलो होतो? अठ्ठावीस वर्षं तिथेच होतो. टाच नवीन होती.

"हे सगळं पॅक करून टाक," हेतल घोट्याला बर्फ लावत परेशला म्हणाली. "हळदीला चारशे माणूस येणार. एकेकाला उचलत बसणार का तू?"

परेशच्या गाड्या न्हावा शेव्याला चालतात. गाडी बिघडली की गॅरेजला, एवढंच त्याला कळतं. त्यानं भाच्याला फोन लावला. भाचा कल्पेश, वेणूचा मुलगा, नव्या बंगल्यांच्या अंगणांची कामं घेतो. हो, तीच वेणू. जिच्या लग्नाची मेढ माझ्यात फुटली, तिचाच मुलगा.

गुणाबाई तेव्हा करंजाला बहिणीकडे गेल्या होत्या, लग्नाच्या जेवणासाठी सुकी मासळी निवडून आणायला. त्या असताना हे घडलंच नसतं. म्हणून तर त्या नसताना घडलं.

कल्पेश आला तो तोफ घेऊन. पाण्याचा असा फवारा मारणारं मशीन की समोर म्हैस उभी केली तर गोरी होऊन निघेल. त्यानं ते माझ्या तोंडात लावलं. अठ्ठावीस वर्षांची रेती अर्ध्या मिनिटात भिंतीवर. सोबत तीन काळ्या पडलेल्या सुपाऱ्या. वेणूची, सुमतीची, परेशची.

"मामा, बघा काय काय कचरा निघतोय," कल्पेश म्हणाला आणि बुटानं त्या गटारात ढकलल्या.

मग त्यानं दोन डब्यांतला चिकट माल एकत्र कालवला आणि पत्र्याच्या पातीनं माझ्यात दाबला. करडा, गुळगुळीत, वार्निशसारख्या वासाचा. "आता मुंगी पण जाणार नाही मामा. दहा वर्षं बघायला नको."

मुंगी जाणार नाही, हे अभिमानानं सांगायचं असतं का? मुंगी जिथून जात नाही तिथून पाणी तरी जाईल का? त्या पोराला कोणी एवढंही विचारलं नाही. परेश मोबाइलवर फोटो काढत होता.

तिसऱ्या दिवशी गुणाबाई सुकटीचं बोचकं घेऊन आल्या. फाटकातच थबकल्या. अंगण आरशासारखं चमकत होतं. त्या चालत मध्यावर आल्या, चप्पल काढली आणि अंगठ्यानं मला चाचपलं. अंगठा घसरला.

"परेश," त्या म्हणाल्या, "मेढ कुठं लावाची?"

"अगं आई, मंडपवाला बघेल ना. त्याच्याकडे सगळी सोय असते."

"तुज्या बापाची सोय होती ती."

परेशनं यावर केलं काहीच नाही. लग्नघरात माणसं अशीच असतात. वादाला वेळ नाही म्हणतात आणि कामाला तर त्याहून नाही.

मेढीचा दिवस उजाडला. मुहूर्त सकाळी नऊ बेचाळीस ते दहा वीस. मंडपवाल्याच्या माणसानं पाइप लावून अंगण धुतलं. पाणी सवयीनं माझ्याकडे आलं. दार बंद. थोडा वेळ ते मध्यावर उभं राहिलं, पाहुण्यानं बेल दाबून उभं राहावं तसं. मग वाढलं, फिरलं, आणि सरळ उंबऱ्यावरून ओटीत शिरलं. ओटीत आहेराच्या साड्यांचे गठ्ठे जमिनीवरच रचलेले. बायकांची धावाधाव झाली. गुणाबाई जागच्या हलल्या नाहीत. कमळाकरांचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. पान्याला वाट नाय दिली तं, तेच.

साड्या उचलून होताहेत तोच परेश मेढ घेऊन आला. फांदी नाक्यावरच्या उंबराची, म्हणजे माझीच नात लागते ती. आणि उभी कशात? रंगाच्या रिकाम्या बालदीत. आत रेती, बाहेर कंपनीचं नाव आणि एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. ती बालदी त्यानं माझ्या छातीवर ठेवली.

"हौसामावशी, घ्या सुरू करा."

हौसा सत्तरीची. तोंडात पान, हातात तांदळाचं ताट. तिनं बालदीला एक फेरी मारली.

"कोनाला गावू?"

"म्हणजे?"

"भूमीला सरून बस सांगायचं माज्या गान्यात हाय. हिला काय सांगू, झाकन उघड?"

बायका हसल्या. परेशचे कान लाल झाले. "मावशी, रेती आहे ना आत. माती ती मातीच."

"मग तुजी पोरगी बालदीत नांदवतोस काय? मी बालदीला धवला गात नाय. चालीस वर्सांत गायली नाय."

"मग गेटच्या बाहेर लावू. तिथे माती आहे."

"मेढ गेटाच्या भायेर?" आता गुणाबाई बोलल्या. "नवरी काय रस्त्यावरची हाय?"

तेवढ्यात डीजेवाल्याला आवाज तपासायची हुक्की आली. कपाटाएवढे दोन डबे, आणि त्यातून पहिलाच ठोका असा पडला की खिडकीच्या काचा दात वाजवू लागल्या. त्या ठोक्याबरोबर बालदी हलली. खाली गुळगुळीत माल, अंगावर ठोक्यावर ठोका. बालदी चालू लागली. ठोक्याला एक बोट, ठोक्याला एक बोट, डोक्यावर आंब्याचा टाळा डोलवत ती अंगणाच्या मध्यावरून निघाली ती फाटकाच्या दिशेनं. मी जन्मात अनेक गोष्टी फुगवून सांगितल्या आहेत. ही त्यातली नाही. चारशे नाहीत, पण पन्नास माणसं साक्षीला आहेत.

कोणीतरी डीजे बंद केला. बालदी फाटकापासून चार हातांवर थांबली.

"बग परेश," गुणाबाई हळूच म्हणाल्या. "मेढ घर सोडून चालली."

आता कोणी हसलं नाही. रिया ओटीच्या दारात पिवळ्या साडीत उभी होती. तिचा चेहरा उतरला. "आजी, जाऊ दे ना. जागेचं काय एवढं? तू आहेस, तेवढं बास आहे मला."

"मला तुजा आजा सांगून गेलाय," गुणाबाई म्हणाल्या. "मी मान हलवलीय, बाय."

त्या आत गेल्या आणि मोरळीचं पातं घेऊन आल्या. खांबाला धरून, दात आवळून, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसल्या आणि मला खरवडू लागल्या. करकर, करकर. करड्या मालावर ओरखडासुद्धा उठेना. चौथ्या-पाचव्या झटक्याला पातं मोडलं. त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या.

नऊ त्रेपन्न झाले होते.

"आई, ऊठ आता," परेश म्हणाला. "दहा वर्षांची गॅरंटी आहे त्याला. असं नाही निघत ते."

तेव्हा हेतल ओटीतून बाहेर आली. नवरीची आई, जरीचा शालू, केसांत दोन गजरे, घोट्याला अजून पट्टी. तिनं सँडल काढून बाजूला ठेवल्या. मंडपवाल्याच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी उचलली. गुणाबाईंच्या शेजारी, अगदी शालूसकट, फतकल मारून बसली.

"हेतल, काय करतेस?" परेश ओरडला.

"गवत काढतेय," हेतल म्हणाली.

गुणाबाईंनी मान वर केली. सव्वीस वर्षांत त्या चमकीबद्दल दोघींमध्ये एक अक्षर निघालं नव्हतं. आताही निघालं नाही. गुणाबाईंनी फक्त छिन्नी धरली, सरळ नाही, तिरकी, आणि म्हणाल्या, "आता मार."

पहिला घाव माझ्यावर बसला. सांगतो, दुखलं, आणि असं दुखणं मी पुन्हा मागून घेईन. दुसऱ्या घावाला तुकडा उडाला. सहाव्या घावाला एका फरशीचा कोपरा गेला. फरशीला फार वाईट वाटलं. मला वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. हेतलचा हात भरून आला तेव्हा परेश पुढे झाला. "सर जरा," तिला म्हणाला आणि पँट वर ओढून बसला. बापाच्या पाटाच्या जागी, बरोब्बर तिथेच.

"दहा सोला झाले," कोणीतरी म्हणालं.

"मारा तुमी," हौसा पान थुंकून म्हणाली. "माजं गानं सरत नाय तवर मुहूर्त सरत नाय." आणि ती उभ्या उभ्या गाऊ लागली. गणपतीपासून सुरू करून तिनं गावदेवी घेतली, खाडी घेतली, मिठागर घेतलं, घरातली गेलेली माणसं एकेक नावानं घेतली. कमळाकरांचं नाव आलं तेव्हा छिन्नी आरपार गेली आणि खालची ओलसर काळी माती दिसली.

गुणाबाईंनी आत नवी सुपारी ठेवली. परेशनं बालदीतून फांदी उपसून माझ्यात उभी केली. रियानं तांब्यानं पाणी घातलं. आठवडाभर तहानलेला होतो मी. घटाघटा प्यायलो. आणि हौसा पोचली एकदाची त्या ओळीवर, की बाई, जरा सरून बस. मी सरून बसलो.

म्हणजे सगळं गोड झालं असं वाटतंय ना तुम्हाला? रिया नांदायला गेली, मांडव सुटला, पाहुणे गेले. आज पंधरा दिवस झाले. माझी फक्त चार बोटं जागा मोकळी आहे. त्या चार बोटांतूनच हे बोलतोय. बाकीचे माझे नव्याण्णव भाऊबंद अजून तो करडा बोळा तोंडात घेऊन पडलेत. सगळ्या अंगणाचं पाणी या चार बोटांतून जिरणार कसं? अंगण धुतलं की पाणी अजून उंबरा ओलांडतं, हेतल ओटीत फडकं घेऊन बसते, आणि परेश फोनवर "कल्पेश, कधी येतोस रे" विचारतो. कल्पेश म्हणतो, "येतो मामा, बघतो."

काल सकाळी गुणाबाई मेढ काढायला आल्या. हात लावला आणि थांबल्या. फांदीला दोन पानं फुटली आहेत. लहान, तांबूस, नखाएवढी. त्यांनी हेतलला हाक मारली. दोघी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग हेतल आतून पाट घेऊन आली, एकच, आणि त्यावर सासूला बसवून स्वतः खाली बसली.

ते मूळ आता माझ्या बोटाला धरून खाली उतरतंय. तेव्हा कल्पेशला माझा निरोप द्या. ये म्हणावं. तोफ घरी ठेव, छिन्नी आण, एकेक सांधा मोकळा कर आणि जाडी रेती घाल, तिरकी लोटून. आणि यायच्या आधी आईला एवढंच विचार, की वेणूबाई, तुझ्या लग्नाची मेढ कुठे उभी होती?

मग बघू, गटारात सुपाऱ्या शोधायला तो आधी वाकतो की त्याची आई.